सरासरीत न सापडणारा ताप

वैद्यकातील सर्व मोजमापांत शरीराचे तापमान हे सर्वांत सोपे समजले जाते. रक्तदाब पाहायला सराव लागतो, रक्तातील साखरेसाठी सुई टोचावी लागते. ताप मात्र घरातले कोणीही पाहू शकते. काखेत तापमापी धरायची, काही मिनिटे थांबायचे आणि आकडा वाचायचा. घरच्या सर्दीतापाला एवढे पुरते. मुलाला १०१ अंश फॅरनहाइट ताप आहे की १०१.६, याने आईच्या निर्णयात फारसा फरक पडत नाही.

अतिदक्षता विभागातील रुग्णाचे तसे नाही. तो बहुधा गुंगीत असतो, श्वास यंत्रावर चाललेला असतो. ‘थंडी वाजते’ असे तो सांगू शकत नाही. शिरांतून आणि मूत्रमार्गातून घातलेल्या नळ्यांवाटे जंतू आत शिरले, तर त्याची पहिली खूण पुष्कळदा तापमानाचा आकडा हीच असते. रक्त जंतुसंवर्धनासाठी पाठवायचे का, नळी बदलायची का, प्रतिजैविक सुरू करायचे का, हे या आकड्यावरून ठरू लागते. अमेरिकेतील अतिदक्षता आणि संसर्गरोग या विषयांच्या तज्ज्ञसंस्थांनी २००८ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात ३८.३ अंश सेल्सिअस ही तापाची रेषा धरली होती. रेषा अंशाच्या दहाव्या भागापर्यंत काटेकोर आहे. ती ओलांडली गेली की नाही हे सांगणारी साधने तितकी काटेकोर आहेत का, हा आमच्या या लेखाचा विषय आहे. त्याहूनही अधिक, ही साधने पारखण्याच्या रीतीबद्दल आम्हांला बोलायचे आहे. काखेची तापमापी, तोंडातली, कानातली, कपाळावरून फिरवायची अशा साधनांची तुलना करणारे शोधनिबंध शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतील बऱ्याच निबंधांनी प्रश्नच चुकीचा विचारला आहे, असे आमचे मत आहे.

आधी थोडे पदार्थविज्ञान. तापमापी रुग्णाचे तापमान दाखवत नाही. ती स्वतःचे तापमान दाखवते. ती आणि तिच्या भोवतालचा शरीराचा भाग औष्णिक समतोलात आले, तर दोन्ही आकडे एकच, एवढेच आपण वर्गात शिकवतो. या वाक्यातील ‘तिच्या भोवतालचा भाग’ हे शब्द आपण घाईने ओलांडतो. कारण सबंध शरीर काही समतोलात नसते. यकृत, हृदय, मेंदू यांत उष्णता तयार होते, रक्त ती वाहून नेते आणि त्वचेवाटे ती बाहेर जाते. आतला गाभा जवळजवळ स्थिर तापमानाचा, आणि त्याभोवती कमीअधिक थंड असे कवच, अशी ही रचना आहे. कवच किती जाड असेल हे त्वचेतल्या रक्तवाहिन्या किती उघड्या आहेत यावर ठरते. निरोगी माणूस सुखकर हवेत बसलेला असेल तर कवच पातळ असते, आणि काखेतला आकडा गाभ्याच्या आकड्यापासून फार लांब नसतो. ताप चढताना हुडहुडी भरते, तेव्हा नेमके उलटे होते. त्वचेतल्या वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात आणि आत मात्र तापमान वाढत असते. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात हे अधिकच तीव्रतेने घडते. गाभा तापत असताना कवच थंड होत आहे, अशा वेळी काख नेमके काय सांगेल?

म्हणून गाभ्यातच मोजावे हे ओघाने आले. १९७० साली स्वान आणि गान्झ यांनी टोकाला छोटा फुगा असलेली नळी शिरेतून हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुस धमनीपर्यंत नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिच्या टोकापाशी थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा मणी, बसवला गेला. अंगभरातून परत आलेले रक्त येथे एकत्र मिसळलेले असते, त्यामुळे येथले तापमान हे गाभ्याचे उत्तम प्रतिनिधी मानतात. अन्ननलिकेच्या खालच्या भागात, हृदयाच्या मागे, ठेवलेला संवेदकही चांगला. मात्र तो वरच राहिला तर शेजारच्या श्वासनलिकेतली हवा त्याला गार करते. लघवीच्या नळीत बसवलेला संवेदक सोयीचा, पण लघवी कमी होऊ लागली की तो मागे पडतो. गुदाशयातला आकडा स्थिर असतो, मात्र तापमान झपाट्याने चढत किंवा उतरत असेल तर तो उशिरा पोचतो.

यांतली कुठलीही जागा फुकट मिळत नाही. नुसता ताप पाहण्यासाठी कोणी फुप्फुस धमनीत नळी घालणार नाही. तेव्हा काख, तोंड, कान आणि कानशील या बाहेरच्या जागा कितपत चालतील, हा प्रश्न खरा आहे आणि रोजचा आहे. त्याचे उत्तर काढायची रीत वरवर सोपी वाटते. शंभर रुग्ण घ्या, प्रत्येकाचे तापमान दोन्ही रीतींनी मोजा, आकड्यांच्या जोड्या मांडा. अडचण येते ती पुढे. या जोड्यांचे करायचे काय?

बऱ्याच संशोधकांनी सहसंबंध गुणांक काढला. तो ०.९ च्या आसपास आला की ‘दोन्ही पद्धतींत उत्तम सहसंबंध आढळला, सबब नवी पद्धत वापरण्यास हरकत नाही’ असा निष्कर्ष लिहिला. यात काय चुकते हे शिक्षकांना समजावून सांगायला उत्तरपत्रिकांपेक्षा जवळचे उदाहरण नाही. समजा, एकाच गठ्ठ्यातील उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासल्या आणि दुसऱ्याने प्रत्येकाला पहिल्यापेक्षा बरोबर दहा गुण कमी दिले. सहसंबंध गुणांक येईल पूर्ण १. पण पहिल्याकडे चाळीस गुणांनी उत्तीर्ण झालेला मुलगा दुसऱ्याकडे नापास झालेला असेल. दोन आकडे एकत्र वरखाली होतात एवढेच हा गुणांक सांगतो. ते आकडे सारखे आहेत असे तो म्हणतच नाही. शिवाय गठ्ठ्यात अगदी हुशार आणि अगदी कच्ची अशी दोन्ही टोकांची मुले असतील, तर परीक्षक कितीही ढिसाळ असले तरी गुणांक मोठाच येतो. तापमानाचेही तेच. ३४ पासून ४१ अंशांपर्यंतचे रुग्ण निवडा, कोणतीही सामान्य तापमापी चांगला सहसंबंध दाखवील.

ही गोष्ट १९८६ साली मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ मध्ये निर्विवादपणे मांडली. त्यांनी उदाहरण घेतले होते जोराने फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणाऱ्या दोन उपकरणांचे, एक मोठे आणि एक छोटे. सतरा माणसांवरची मोजमापे. सहसंबंध गुणांक ०.९४, म्हणजे झकास. सरासरी फरक मिनिटाला अवघा २ लिटर, म्हणजे नसल्यासारखाच. इथवर पाहणारा म्हणेल, छोटे उपकरण मोठ्याच्या जागी खुशाल वापरा. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी प्रत्येक जोडीची वजाबाकी केली आणि त्या फरकांचा पसारा पाहिला. तेव्हा दिसले की एखाद्या माणसाच्या बाबतीत छोटे उपकरण सुमारे ८० लिटर कमी किंवा ७५ लिटर जास्तही दाखवू शकते. सरासरी फरकाच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या साधारण दुप्पट अंतर घेतले की ज्या दोन सीमा मिळतात, त्यांत शंभरातले सुमारे पंचाण्णव फरक सामावतात. यांना त्यांनी सहमतीच्या मर्यादा म्हटले. गणित नववी-दहावीच्या मुलाला जमेल इतके साधे आहे. वैद्यकात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांत त्याची गणना होते. असे असूनही ‘उत्तम सहसंबंध’ हे शब्द नंतरच्या काळात छापून येतच राहिले, याचे आम्हांला नवल वाटते.

या पार्श्वभूमीवर २०१५ साली ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ मध्ये आलेला एक निबंध मोलाचा ठरतो. कॅनडातील कॅलगरीचे डॅनिअल निव्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या आणि गाभ्यातल्या मोजमापांची तुलना करणारे ७५ अभ्यास, मिळून ८,६८२ रुग्ण, एकत्र तपासले. आकडे पाहण्यापूर्वीच त्यांनी जाहीर केले होते की अर्धा अंश सेल्सिअस इकडे किंवा तिकडे, एवढाच फरक आपण चालवून घेऊ. कसोटी आधी सांगणे ही गोष्ट लहान वाटते, पण निकाल हाती आल्यावर ‘एवढे चालते’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

त्यांना काय आढळले? ताप असलेल्या प्रौढांत सहमतीच्या मर्यादा उणे १.४४ पासून अधिक १.४६ अंशांपर्यंत निघाल्या. वाचकांनी येथे क्षणभर थांबून या दोन आकड्यांचा मध्य काढावा. तो येतो ०.०१. म्हणजे ‘सरासरी फरक किती?’ एवढेच विचारणाऱ्याला उत्तर मिळेल, काहीच नाही. बाहेरची तापमापी आतल्याइतकीच चांगली. आणि तरीही ज्याच्या गाभ्याचे तापमान ३८.५ आहे, अशा एका रुग्णाच्या बाबतीत बाहेरचा आकडा ३७.१ येऊ शकतो, तसाच जवळजवळ ४० ही येऊ शकतो. पहिल्या आकड्यावर कोणी काही करणार नाही. दुसऱ्यावर धावपळ होईल. पुन्हा आपल्या परीक्षकांकडे जायचे तर हा दुसरा परीक्षक निम्म्या मुलांना पंधरा गुण जास्त देतो आणि निम्म्यांना पंधरा कमी. वर्गाची सरासरी जागच्या जागी राहते; मुलांचे निकाल मात्र बदललेले असतात.

याच निबंधातला दुसरा आकडा आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. गाभ्याच्या मोजमापाप्रमाणे ज्यांना ताप होता, अशा शंभरांपैकी सुमारे ६४ जणांतच बाहेरच्या तापमापीला ताप दिसला. ३६ निसटले. उलट ज्यांना ताप नव्हता अशा शंभरांत फक्त ४ जणांना तिने चुकून ताप ठरवला. आता समजा, एका विभागात शंभर रुग्णांपैकी तिसांना खरोखर ताप आहे. बाहेरची तापमापी त्यांतले सुमारे १९ ओळखील आणि ११ सोडून देईल. उरलेल्या सत्तरांपैकी ६७ जणांना ती बरोबर ‘ताप नाही’ म्हणेल. ‘ताप नाही’ असा शिक्का मिळालेले एकूण ७८, आणि त्यांतले ११ तापलेले. सातांत एक! या तापमापीने ‘ताप आहे’ म्हटले तर विश्वास ठेवावा. ‘ताप नाही’ म्हटले तर, रुग्णाची बाकीची लक्षणे पाहून शंका येत असल्यास, ठेवू नये. एकाच साधनाच्या दोन उत्तरांची किंमत इतकी वेगळी असू शकते, हे ‘अचूकता अमुक टक्के’ अशा एका आकड्यात मावत नाही.

निव्हेन यांच्या कामाबद्दल आदर बाळगूनही दोन आक्षेप नोंदवायला हवेत. एक म्हणजे काख, तोंड, कान आणि कानशील यांना ‘बाहेरच्या’ या एका टोपलीत घालून काढलेला आकडा, यांतली कोणती जागा त्यातल्या त्यात बरी, याबद्दल काही सांगत नाही. अभ्यासाअभ्यासांतली तफावत प्रचंड होती हे लेखक स्वतःच नोंदवतात. इतकी तफावत असताना एकत्र केलेला आकडा हा दिशादर्शक समजावा, मोजपट्टी नव्हे. दुसरा आक्षेप संदर्भाबद्दल. ‘गाभ्यातल्या’ जागांत त्यांनी फुप्फुस धमनी, अन्ननलिका आणि मूत्राशय यांच्या जोडीला गुदाशयही धरला आहे. तापमान झपाट्याने बदलत असताना गुदाशय मागे राहतो हे आपण वर पाहिले. अशा वेळी दिसलेला फरक पूर्णपणे काखेच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्यातला काही भाग प्रमाण मानलेल्या जागेचाही असू शकतो. फुप्फुस धमनीसुद्धा निर्दोष नाही. शिरेतून गार द्रव भराभर दिले जात असतील तर तेथला आकडा तेवढ्यापुरता उतरतो. ‘खरे तापमान’ नावाचा एकच आकडा शरीरात कोठे तरी लिहून ठेवलेला आहे आणि प्रत्येक साधन त्याच्यापासून कमीजास्त चुकते, ही कल्पनाच मुळात सोयीपुरती आहे.

सरासरीवरची ही श्रद्धा जुनी आहे. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ३७ अंश हा आकडा जगाला दिला. त्यांची मोजमापे मुख्यतः काखेतली होती. ३७ चे फॅरनहाइट करताना ९८.६ आले आणि त्या दशांशामुळे आकड्याला न मिळवलेला काटेकोरपणा चिकटला. (आपल्याकडे अजून पुष्कळजण ९८.४ म्हणतात, तेही तितक्याच खात्रीने.) १९९२ साली अमेरिकेत फिलिप मॅकोविॲक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांची तापमाने तोंडात मोजली, तेव्हा सरासरी ३६.८ आली. वुंडरलिश यांचे काम कमी मोलाचे नाही. ज्वराचा आलेख रोगाची ओळख पटवतो हे त्यांनीच दाखवले. पण जागा न सांगता सांगितलेल्या तापमानाची परंपरा त्या ३७ बरोबर आपल्याकडे आली.

‘काखेतला आकडा असेल तर त्यात अर्धा अंश मिळवा’ हा नियम याच परंपरेतला. नव्या साधनांनी तो पोटात लपवला. १९९० च्या दशकात कानात धरायच्या अवरक्त तापमापी पसरल्या. कानाच्या पडद्याला मिळणारे रक्त मेंदूतल्या तापनियंत्रक केंद्राच्या रक्ताशी नाते सांगते, हा युक्तिवाद चांगला होता. प्रत्यक्षात साधनाचे टोक थोडे तिरके धरले की पडद्याऐवजी कानाच्या नळीची भिंत मोजली जाते. त्यातही यांपैकी काही साधने मोजलेल्या आकड्यात ठरावीक भर घालून ‘तोंडातल्याइतके’ किंवा ‘गुदाशयातल्याइतके’ असे तापमान पडद्यावर दाखवत. ही भर निरोगी किंवा स्थिर माणसांवरून ठरवलेली. ज्या रुग्णात गाभा आणि कवच यांतले अंतर तासातासाला बदलते, त्याला ठरावीक भर काय उपयोगाची? निव्हेन यांच्या आकड्यांवरूनच हे पाहता येते. ताप असलेल्या मुलांत मर्यादा उणे १.४९ ते अधिक ०.४३ होत्या. मध्य उणे ०.५३. येथे खरोखरच बाहेरचा आकडा सरासरीने अर्धा अंश कमी आहे, म्हणून अर्धा अंश मिळवू या. उरलेल्या मर्यादा उणे १ ते अधिक १ च्या जवळपास राहतात, चालवून घ्यायच्या फरकाच्या दुप्पट. प्रौढांत तर मिळवायला काहीच नाही, मध्य शून्यच आहे. बेरजेने सरासरी सुधारते, पसारा सुधारत नाही.

आणखी एक गोष्ट या सगळ्या तुलनांत हरवते. बाहेरचा आणि आतला आकडा यांतील फरकाला आपण ‘चूक’ म्हणतो. १९६९ साली जोली आणि वाइल यांनी रक्ताभिसरण कोसळलेल्या रुग्णांच्या पायाच्या अंगठ्याचे तापमान मोजून दाखवले की अंगठा जितका गार, तितके रक्ताभिसरण बिघडलेले. म्हणजे आत आणि बाहेर दोन्हीकडे मोजले तर त्यांतला फरक हीच माहिती आहे. वाईट आहे ते एकाच ठिकाणी मोजून तो आकडा दुसऱ्या ठिकाणचा म्हणून वाचणे.

उलट टोकाला तर परिस्थिती अधिकच बिकट आहे. गंभीर जंतुसंसर्गात काही रुग्णांचे तापमान चढण्याऐवजी उतरते, आणि अशांत मृत्यूचे प्रमाण ताप चढणाऱ्यांपेक्षा जास्त असते. शरीर थंड पडलेल्या प्रौढांत निव्हेन यांना मिळालेल्या मर्यादा उणे २.०७ ते अधिक १.९० अशा होत्या, म्हणजे पसारा सर्वांत मोठा. मुलांच्या रकान्यात आकडाच नाही. तसा अभ्यास त्यांना मिळाला नाही. पाऱ्याच्या नेहमीच्या ज्वरमापीवर खुणा ३५ ते ४२ अंशांच्या असतात. फुग्याजवळच्या अरुंद वळणामुळे पारा खाली उतरत नाही हे आपण शिकवतो. खुणा ३५ पासून का सुरू होतात, असा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. ३३ अंशांचा रुग्ण या साधनाला दिसतच नाही, आणि पारा नीट झटकलेला नसेल तर त्याच्या नावावर आधीचाच आकडा लागतो.

२०२३ साली अमेरिकेतील त्याच दोन संस्थांनी मार्गदर्शन सुधारले. गाभ्यातले साधन आधीच बसवलेले असेल, किंवा निदान-उपचारांत अचूक तापमान निर्णायक असेल, तर त्यालाच प्राधान्य द्यावे. नसेल तर काख, कान, कानशील यांपेक्षा तोंड किंवा गुदाशय पसंत करावा, असे त्यात सुचवले आहे. हे आम्हांला पटते. मात्र लहान गावातल्या रुग्णालयात, जेथे काखेतली अंकीय तापमापी हेच साधन आहे, तेथे एवढ्याने भागत नाही. तेथे निदान आकड्याशेजारी जागा लिहिली जावी, एका रुग्णासाठी एकच जागा आणि एकच साधन दिवसभर राहावे, आणि परिचारिकेने ‘अंग तापल्यासारखे वाटते’ म्हटले तर काखेतल्या ३७.२ ने तिचे तोंड बंद करू नये.

हे सारे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एकाच बनावटीच्या दोन अंकीय तापमापी घ्या. वीस मुलांच्या उजव्या आणि डाव्या काखेतले तापमान एकाच वेळी मोजा, मग तोंडातले मोजा. तापमापी प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसा, आणि त्याआधी पंधरावीस मिनिटे कोणी पाणी किंवा चहा घेतलेला नसावा. आडव्या अक्षावर दोन आकड्यांची सरासरी, उभ्या अक्षावर त्यांतला फरक, असे वीस ठिपके मांडा. आधी दोन काखांचा आलेख काढा, म्हणजे निव्वळ साधन आणि हाताळणी यांमुळे किती पसारा होतो ते कळेल. मग काख आणि तोंड यांचा. सगळे ठिपके साधारण ३६ ते ३७.५ यांच्या दरम्यान दाटीने पडतील, कारण मुले निरोगी आहेत. त्या ठिपक्यांवरून ३९ अंशांच्या रुग्णाबद्दल काही सांगता येईल का, हे मुलांनाच विचारावे. पुष्कळ मुले पट्टी घेऊन रेषा उजवीकडे वाढवू लागतील.